ऊन उतरल्यावरची मोजणी

प्रज्ञाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सूर्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि सूर्यच पाहत होत्या. मानेवाडा रोडवरच्या त्यांच्या ऑफिसची गच्ची, सकाळची वेळ. तिवईवर एक जुनाट थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजणाऱ्यांची कोन मोजायची दुर्बीण, सूर्याकडे तोंड करून ठेवलेली. तिच्या मागच्या टोकासमोर ताईंनी एक कागदी प्लेट धरली होती. आम्ही नागपूरकर जिच्यात तर्री-पोहे खातो, तीच. प्लेटवर सूर्याचं लख्ख गोल बिंब पडलं होतं आणि त्यातले बारीक काळे डाग ताई बॉलपेननं गिरवत होत्या. मी पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून आईसाठी नागपूरला परतलो होतो आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला आलो होतो. माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "धोटे ना तू? थांब जरासा. जावयाचं तोंड पाहून राहिली."

जावई म्हणजे सूर्य. ताईंच्या मते दोघांशी वागायची रीत एकच. "येते तवा येते, रुसते तवा रुसते, अन् आपण काही बोलू शकत नाही. आज मूड कसा हाये तेवढं आधी पाहून घ्यायचं, मंग बाकीची कामं." खरा जावई त्यांना नव्हता. यजमान लवकर गेले होते. एकुलती एक मुलगी मृणाल हैदराबादला नोकरीला होती आणि लग्नाचा विषय निघाला की फोन ठेवून द्यायची. "जमिनीवरचा भेटून नाही राहिला, म्हणून हा वरचा धरला," असं ताई कुणालाही सांगत, अगदी मोजणीला आलेल्या अनोळखी माणसालाही.

माझी मुलाखत गच्चीवरच झाली. "ह्या दुर्बिणीले डोळा लावशीन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." "काहून?" "सूर्य आहे समोर, डोळा जाईल." "उद्यापासून ये," ताई म्हणाल्या आणि प्लेट घेऊन खाली गेल्या. माझी फाइल माझ्या काखेतच राहिली.

आमचं काम जमिनीच्या हद्दी काढून देण्याचं. पूर्वी माणसं साखळ्या आणि टेप ओढत हिंडायची. आता एक लांब काठी असते आणि तिच्या डोक्यावर भाकरीएवढा पांढरा डबा बसवलेला असतो, त्याला रोव्हर म्हणतात. तो एकाच वेळी आकाशातल्या बऱ्याच उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि काठीचं टोक पृथ्वीवर नेमकं कुठं टेकलं आहे ते सांगतो. दिवस चांगला असला तर बोटभराचाही फरक पडत नाही. दिवस चांगला नसला तर काय होतं, ते समजावून सांगणं हा ताईंचा आवडता उद्योग होता आणि त्यासाठी त्या समोरच्याला खुर्चीत बसवून पाणी देत.

"उपग्रहाचा निरोप वरून निघते," त्या सुरू करत. "मधात हवेचा एक थर हाये, लय उंचावर. त्याच्यात सूर्य करंट भरते. सूर्य जोरात असला की थर दाट. मंग निरोपाले त्याच्यातून यायले उशीर लागते. आता मशीनले काय वाटते? उशीर झाला म्हणजे उपग्रह दूर असन. अन् ती चुकीची जागा सांगते. सीताबर्डीच्या गर्दीत तुमचे पाहुणे अडकले, उशिरा आले, म्हणून त्यांचं घर लांब गेलं का? नाही ना? पण मशीनले गर्दी दिसत नाही." आमच्या या पट्ट्यात तो थर मुळातच दाट, असं त्या वर सांगत. नागपूरच्या वाट्याला ऊनही भरपूर आणि त्याचा हा वरचा पसाराही भरपूर. त्यातून सूर्याचीही चढती-उतरती वर्षं असतात आणि मी रुजू झालो तेव्हा तो चांगलाच चढतीला होता. मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका रस्ता सोडून नाल्यात गेला तरी कुणाचं बिघडत नाही. प्लॉटची हद्द वीतभर सरकली की मात्र दोन घरं एकमेकांशी बोलायची थांबतात.

डाग गिरवलेली प्लेट कपड्यांच्या चिमट्यानं ऑफिसच्या दाराला लटकवलेली असे. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून विचारत, "काय ताई, आज कसे आहेत जावईबापू?" ताई उत्तर देत, "आज शांत हायेत, चाला," किंवा "आज फुगले हायेत, उद्या पाहू." मी नव्या नवलाईनं एकदा म्हणालो, "ताई, हे सगळं मोबाइलवर येतं, सूर्याच्या वादळाचा इशारासुद्धा येतो. प्लेट कशाला?" त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. इशारे त्यांनी माझ्याआधीच वाचलेले होते. "इशारा वाचला की विसरते माणूस," त्या म्हणाल्या. "हातानं गिरवलं की दिवसभर डोक्यात राहते. अन् डाग दिसले म्हणजे मोजणी चुकनच असं नाही गा. पाहुणा रागावला हाये एवढं समजते. भांडं कवा फेकन, ते नाही समजत." संध्याकाळी ती प्लेट कचऱ्यात जाई. आदल्या दिवशीचा राग दुसऱ्या दिवशी काय कामाचा, असा त्यांचा हिशेब.

ताई खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढल्या. वडील कंट्रोल रूममध्ये होते. बाबासाहेबांचा फोटो आणि मुलांचा अभ्यास, या दोन गोष्टींवर त्या घरात धूळ बसू दिली जात नसे. जेवताना कुणी काही ठणकावून सांगितलं की वडील विचारत, "तुले कोणं सांगतलं? अजून कोणं सांगतलं?" दोघांनी वेगवेगळं पाहून एकच सांगितलं तर ते मान्य, नाहीतर पुढचा घास. ताईंनी हाच कायदा ऑफिसात आणला होता. कुठलाही बिंदू एकदा मोजला की काठी खाली ठेवायची, चहा प्यायचा, आणि बऱ्याच वेळानं तोच बिंदू पुन्हा मोजायचा. ग्राहक घड्याळ पाहत, चुळबुळ करत. ताई खुशाल बशीत चहा ओतत. "दुसऱ्यांदा विचार त्याले," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की घरी आईनं भाजी कशी झाली विचारलं तरी मी दोन घास खाऊन मग उत्तर देऊ लागलो.

आवाज तर असा की फोनवर बोलताना फोनची गरजच काय, असं वाटावं. एकदा एक बिल्डर आला आणि हद्दीची रेघ "थोडी इकडे-तिकडे" करता येईल का, म्हणून हळूच विचारू लागला. ताई मोठ्यानं म्हणाल्या, "थोडी म्हणजे किती? हातानं दाखवा." त्यानं दोन्ही तळव्यांत अंतर धरून दाखवलं. "बरं. मंग तेवढी जागा तुमच्या स्वतःच्या हॉलमधून कापून द्या, मी आजच रेघ सरकवते." बिल्डरनं हात खिशात घातले. ताई बहुतेक वेळा बरोबर असत, आणि आपण बरोबर आहोत हे समोरच्याला कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. याचा मला कधी कधी रागही यायचा. पण सकाळी ऑफिसला जायचा कंटाळा मला कधी आला नाही, हेही खरंच.

आता हुडकेश्वरची गोष्ट. तिकडे नव्या वस्तीत लताबाई नावाच्या एक शिलाईकाम करणाऱ्या बाई राहत. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी. लताबाईंनी ब्लाउज शिवून-शिवून घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर बांधलं होतं. त्याआधी त्या मशीनच्या शेजारीच स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करायच्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना फोडणीचा वास लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायच्या. नव्या स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा ओटा होता, वर पांढऱ्या टाइल्स होत्या. त्याची मागची भिंत म्हणजेच प्लॉटची हद्द, असं त्या धरून चालल्या होत्या. शेजारचा प्लॉट हार्डवेअरचं दुकान असलेल्या भुसारींनी घेतला. ते तिथं घर बांधणार होते आणि लताबाईंची भिंत आपल्या जागेत आली आहे, असा त्यांना संशय होता. माणूस भला, पण वीतभर जागाही सोडणाऱ्यांतला नव्हे. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. प्रज्ञाताई सांगतील ती हद्द.

नवरात्र नुकतंच संपलं होतं आणि ऊन पुन्हा तापायला लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ताईंना ऊन लागून सलाइन लावावं लागलं होतं आणि भर उन्हात उभी राहणार नाही, असं मृणालनं त्यांच्याकडून फोनवर वदवून घेतलं होतं. आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. ताई गाडीतून उतरतात न उतरतात तोच लताबाई म्हणाल्या, "ताई, आधी थंड पाणी घ्या, चहा घ्या. ऊन उतरू द्या, मंग करा काय ते." भुसारीही खुर्च्या घेऊन आले. "हो ना, इतकी काय घाई हाये? उन्हात उभं करू काय आम्ही तुम्हाले?" नागपुरात एवढी माणुसकी सगळ्यांनाच असते. गवंडी असो, प्लंबर असो, मोजणीवाला असो, ऊन उतरल्याशिवाय त्याला कामाला लावणं बरं दिसत नाही. आम्ही चहा घेतला, चिवडा खाल्ला. काठी उभी केली तेव्हा सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला होता आणि घराघरांतून दिवे लागले होते.

फसवणूक होते ती इथंच. सूर्य बुडाला की आपल्याला वाटतं, चला, सुटलो. अंगाला तसं वाटतंही. पण दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांत, आमच्या या पट्ट्यात, सूर्य मावळल्यावरच तो वरचा थर बिघडतो. दिवसभर तो निदान सरसकट दाट असतो. मावळल्यावर त्याची नांगरलेल्या रानासारखी ढेकळं होतात आणि उपग्रहांचे निरोप त्या ढेकळांवर ठेचकाळत खाली येतात. ताईंना हे माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी रोव्हरनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. जागा पक्की झाली की पडद्यावर 'फिक्स' असं येतं. ते आलं, गेलं, पुन्हा आलं. ताईंनी भुवया वर केल्या. मग लताबाई म्हणाल्या, "ताई, आता काय ते सांगूनच टाका. नाहीतर मले आज झोप नाही येणार." भुसारींची माणसं सकाळी पाया खणायला यायची होती. दोघंही ताईंच्या तोंडाकडे पाहत होते. आणि ताईंनी काठी खाली न ठेवता, दुसऱ्यांदा न विचारता, लाल रंगाची खूण केली.

खुणेवरून ओढलेली रेघ स्वयंपाकघराच्या आत आली. भिंत आणि ओट्याची मागची कड भुसारींच्या हद्दीत. लताबाईंनी ओट्यावरून एकदा हात फिरवला, पुसल्यासारखा. मग म्हणाल्या, "ताईनं सांगतलं म्हणजे खरंच असन. सकाळी मी रिकामं करून देते." भुसारींनीही बिचाऱ्यांनी काही उड्या मारल्या नाहीत. आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ताई नेहमीप्रमाणे प्लेट धरून उभ्या होत्या. बिंबाच्या मधोमध मसुरीएवढा डागांचा एक पुंजका होता. आदल्या दिवशीच्या प्लेटवरही तो होताच, डाग काही रातोरात उगवत नाहीत. पेन त्या पुंजक्यावर आलं आणि थांबलं. ताईंनी विचारलं, "धोटे, काल आपण मोजलं तवा दिवे लागले होते ना गा?"

"लागले होते, ताई."

"अन् दुसऱ्यांदा नाही विचारलं."

"नाही."

त्यांनी प्लेट कठड्यावर ठेवली. "गाडी काढ," त्या म्हणाल्या. रस्त्यात प्रत्येक ऑटोवाल्याचा उद्धार करणाऱ्या ताई त्या दिवशी हुडकेश्वरपर्यंत फोनलाच चिकटून होत्या. त्यांनी लताबाईंना पुन्हा पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. का उचलला नाही, ते गल्लीत वळताच ऐकू आलं. छिन्नीवर हातोडा पडत होता.

लताबाईंनी स्वयंपाकघर स्वतःच्या हातानं रिकामं केलं होतं. अंगणात बाजेवर डबे, परात, मिक्सर, गॅसची शेगडी. आत गवंडी ओट्यावरच्या टाइल्स काढून विटांपर्यंत पोचला होता आणि भिंतीला पडलेल्या भगदाडातून पलीकडचा उजेड आत येत होता. "ए, थांबव! हात खाली कर!" ताई गेटपासूनच ओरडल्या. गवंडी दचकून खरंच दोन्ही हात खाली करून उभा राहिला.

सकाळच्या आभाळात रोव्हरनं जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. नवी खूण भिंतीच्या बाहेर पडली, भुसारींच्या बाजूला. ताईंनी काठी खाली ठेवली, टपरीवरून चहा मागवला, कारण लताबाईंकडे चहा करायला जागाच उरली नव्हती. चहानंतर पुन्हा मोजलं. मग कोपऱ्यावरच्या जुन्या हद्दीच्या दगडापासून साधा टेप लावून मोजलं. तिन्ही वेळा तेच. स्वयंपाकघर पहिल्यापासून शेवटपर्यंत लताबाईंच्याच जागेत होतं.

आता भुसारींचा आवाज चढला, आणि चढणारच. "ये क्या बात हुई, ताई? काल एक सांगता, आज एक सांगता? उद्या तिसरंच सांगसान! रात्रीतून तुमचं या बाईशी काही बोलणं झालं का?" गल्लीतली माणसं जमली होती. ताईंचं सगळं आयुष्य त्यांच्या शब्दावर उभं होतं, आणि ताईंचा शब्द विकला जातो का, हे भर गल्लीत विचारलं जात होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे होऊन सांगू लागलो, "साहेब, असं आहे, सध्या सूर्यावर इतक्या हालचाली आहेत, की संध्याकाळी उपग्रहांचे..."

"तू थांब गा," ताई म्हणाल्या. मी सांगत होतो ते खोटं नव्हतं. पण त्यांनी मला हातानं मागे सारलं आणि पडलेल्या विटांच्या ढिगावर उभ्या राहिल्या.

"ऐका सगळे. काल मी चुकली. सूर्य नाही चुकला, तो त्याचं काम करते. मशीन नाही चुकली, तिनं जे ऐकलं ते सांगतलं. थांबायचं अन् दुसऱ्यांदा विचारायचं, हे माहं काम होतं. मी नाही थांबली. लताबाईची भिंत माह्यामुळे फुटली, अन् भुसारी साहेबाले खोटी जागा मीच दाखवली. ज्याले आवाज नाही आला त्यानं समोर या, मी पुन्हा सांगते."

समोर कुणी आलं नाही. तो आवाज न येण्यासारखा नव्हताच. चुकलो हे माणसं पुटपुटत सांगतात, खाली बघत सांगतात. ताईंनी ते बिल्डरला झाडताना जसं सांगितलं असतं तसं, ताठ मानेनं आणि पूर्ण आवाजात सांगितलं. मग ढिगावरून उतरून त्यांनी रोव्हरची काठी भुसारींच्या हातात दिली. "माह्यावर भरवसा नका ठेवू. तुम्ही वेळ सांगा. उद्या, परवा, कवाही. काठी तुम्हीच धरा. फक्त ऊन उतरल्यावर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसारींनी स्वतः काठी धरली. काठीवरच्या काचेतला हवेचा बुडबुडा मधोमध राहावा म्हणून ते श्वास रोखून उभे होते. बिंदू तिथंच आला. चहा झाला, पुन्हा धरली, पुन्हा तिथंच. भुसारींनी काठीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि आपल्या गवंड्याला हाक मारून म्हणाले, "जा, बाईची भिंत बांधून दे." ताई मध्ये पडल्या. "भिंत मी फोडली, मीच बांधून देईन." आणि खरंच त्यांनी तिथं उभं राहून ती बांधून घेतली, एक दिवस स्वतः गवंड्याला विटाही उचलून दिल्या. पांढऱ्या टाइल्स त्या रंगाच्या पुन्हा मिळेनात, म्हणून मधल्या एका पट्ट्यात निळ्या बसवाव्या लागल्या. पुढे कधीही हुडकेश्वरच्या बाजूला काम निघालं की ताई लताबाईंकडे चहाला जात, ओट्याला टेकून उभ्या राहत आणि त्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणत, "हे माहं हाये वं, लताबाई. बाकी सारं तुहं."

मला वाटलं होतं, हे प्रकरण आता झाकलं जाईल. कुठलाही धंदेवाला झाकेल. ताई दुसऱ्याच आठवड्यापासून ते प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगायला लागल्या. मशीन डब्यातून काढण्याआधी, पाणी देऊन झालं की लगेच. "हुडकेश्वरले मी कशी चुकली ते आधी ऐकून घ्या." नावानिशी, निळ्या टाइल्ससकट. मी एकदा कळवळून म्हणालो, "ताई, कशाला सांगता? माणसं पळतील." त्या म्हणाल्या, "पळणारा पळू दे. ऐकून जो बसून राहीन, तो उद्या सकाळपर्यंत थांबायले तयार असते. आपल्याले तोच पाहिजे." मी पाहिलं तितक्या वेळा तरी कुणी पळालं नाही. उलट संध्याकाळी मोजून द्या, म्हणून मागे लागणारे कमी झाले.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. छातीत दुखायचं, एका डॉक्टरनं ॲसिडिटी सांगितली, आणि आयुष्यभर सगळ्यांना दुसऱ्यांदा विचारायला लावणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी काही दुसऱ्यांदा विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो. त्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली तेव्हा लताबाई कोपऱ्यात बसून होत्या आणि भुसारी दारात उभे होते, बूट काढावेत की नाही याच विचारात असल्यासारखे. थिओडोलाइट मृणाल हैदराबादला घेऊन गेली. तिच्या गॅलरीत ऊन उशिरा येतं, पण सुट्टीच्या दिवशी ती प्लेटचा फोटो पाठवते. आईसारखे बारीक ठिपके तिला जमत नाहीत, मलाही जमत नव्हते. ऑफिसच्या दारावरचा चिमटा अजून तिथंच आहे. मला ताईंची फार आठवण येते, आणि ती नेमकी येते ती सकाळी, दार उघडताना.

होळी होऊन गेली आणि भुसारींचा फोन आला. भिवापूरच्या रस्त्याला त्यांच्या मुलीनं-जावयानं प्लॉट घेतला होता. मी सकाळी येतो म्हटलं होतं, पण जावयाला धीर नव्हता. नुसती जागा तरी पाहून जा, म्हणून त्यानं मला संध्याकाळीच बोलावून घेतलं आणि मी पोचताच म्हणाला, "सर, मशीन आहेच गाडीत, ऊनही उतरलंय. आत्ताच करून टाकू ना. उद्या मला नागपूरबाहेर जायचंय." नवा जावई, सासऱ्यासमोर हट्ट धरून बसलेला. नाही कसं म्हणावं याचे शब्द मी जुळवत होतो, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून भुसारी उठले.

"नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

"अहो मामा, पण अंधार पडायच्या आत..."

"जावईबापू, तुम्ही आमचे मोठे. पण वरचा जावई तुमच्याहून मोठा हाये. तो गेला तरी त्याचा राग अजून वरतीच असते." मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "धोटे साहेब, एवढी मोठी बाई माह्या साऱ्या गल्लीसमोर 'मी चुकली' म्हणाली. मले घरच्या माणसाले 'थांब' म्हणायले काय लाज?"

जावयानं माझ्याकडे पाहिलं, मी गाडीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायची माझी इच्छा नव्हती. मशीनचा डबा गाडीतच राहू दिला. भुसारींनी रस्त्यावरच्या टपरीवरून चहा मागवला, आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून अंधार पडेपर्यंत तिथं बसलो.